आपण तर तेव्हा नवगावला तेल गाळत होतो

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. एका आईने लिहिलंय. मूळ अलिबागकडचं बेने इस्रायली (म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू) कुटुंब, नवराबायको दोघंही ठाण्यात वाढलेले, चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या नोकरीमुळे इंग्लंडमधल्या एका लहान शहरात आले. मुलगा बारा वर्षांचा, शाळेत तो एकटाच ज्यू. आडनाव '-कर'वालं, त्यामुळे दोन वर्षं कुणाला पत्ताच नव्हता, सगळे त्याला हिंदूच समजायचे. मग धर्माच्या तासाला टीचरने कौतुकाने उभं केलं आणि हनुक्का हा ज्यूंचा दिव्यांचा सण म्हणजे काय ते वर्गाला सांग म्हणाल्या. तिथून सुरू झालं. आधी नुसतं 'ज्यू' म्हणून हाका, मग कॉरिडॉरमध्ये पायाशी चिल्लर फेकणं, आणि इतिहासात होलोकॉस्टचा धडा झाल्यावर मागच्या बाकावरून 'स्स्स्स' असा गॅसचा आवाज. त्याने आजीने दिलेली मगेन दाविदची (ज्यूंच्या सहा टोकांच्या चांदणीची) चेन काढून ड्रॉवरमध्ये टाकली, आणि घरी हे कळलं तीन महिन्यांनी. नवरा म्हणतो दुर्लक्ष कर, पोरं आहेत. शाळा म्हणते चेष्टामस्करी आहे. आई विचारतेय, आम्ही दोघं ज्यू म्हणूनच वाढलो पण असलं कधी बघितलं नाही, तर आता करायचं काय?

तू माझ्याहून बरीच लहान दिसतेस म्हणून सरळ अगंतुगं करते, राग मानू नकोस. मी पण ठाण्याचीच, टेंभी नाक्याजवळची, १९९४ला इकडे आले आणि गेली तेवीस-चोवीस वर्षं लंडनच्या उत्तर भागातल्या शाळांत मुलांची काउन्सेलर म्हणून काम करतेय. सगळ्याच मुलांची, फक्त ज्यू मुलांची नाही. पण ज्यू मुलं खूप बघितली, आणि तू लिहिलेल्यातलं एकही वाक्य मला नवीन नाही. चिल्लर नाही, तो आवाज नाही, 'चेष्टामस्करी' हा शब्द तर अजिबातच नाही.

पहिली गोष्ट, 'दुर्लक्ष कर' हे घरातून काढून टाक. तुझ्या नवऱ्याला नावं ठेवत नाहीये, तो असं का म्हणतो ते मला पक्कं माहितेय, कारण माझ्या घरीही तेच म्हणायचे आणि तिथे ते चालायचं. मी आठेक वर्षांची असेन, कॉन्व्हेंटमध्ये होते. ख्रिश्चन मुलींचा कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास वेगळा असायचा, त्या तासाहून माझी एक मैत्रीण परत आली आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, तुम्ही लोकांनी आमच्या येशूला मारलं. मी दिवसभर जीव मुठीत धरून बसले आणि घरी आल्या आल्या आजीला विचारलं, आपण मारलं का गं येशूला? आजी तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "कधी मारणार? आपण तर तेव्हा नवगावला तेल गाळत होतो." आणि एक खडा उचलून टाकला. झालं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीला मी हे जसंच्या तसं सांगितलं, तिला ते पटलं, आणि मधल्या सुट्टीत आम्ही डबा वाटून खाल्ला.

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्यात परंपरेने सांगतात की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, आणि हे इसवीसनाच्याही आधी. पुढे कोकणात घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणायचे. आजीचा हिशोब त्या हिशोबाने बरोबरच होता.)

आता हे एवढं का सांगितलं, तर आजीचं उत्तर चाललं कारण समोर एक मुलगी होती, एक दिवस होता, आणि तिच्या मागे काही नव्हतं. घरी जाऊन तिच्या आईवडलांनी तिला पुढचं काही शिकवलं नाही, गल्लीत तसलं कुणी बोलत नव्हतं, शेजारची जोशीकाकू मलिद्याला (पोहे-नारळाचा आमचा प्रसाद) आमच्याकडे येऊन पोहे भिजवायला बसायची. आमच्या प्रार्थनाघराला मुंबईत लोक मशीद म्हणायचे आणि पुण्यात लाल देऊळ, म्हणजे बघ ना, कुणाला ठरवताच आलं नाही आम्हाला कशासाठी झोडायचं ते. दुर्लक्ष करायला आधी लक्ष देण्यासारखं काही लागतं, ते आपल्याकडे फारसं नव्हतं. तुझ्या मुलाच्या शाळेत आहे. तिथे एक पोरगा चिल्लर फेकतो तेव्हा त्याच्या मागे आठशे-नऊशे वर्षं उभी असतात, त्या पोराला स्वतःला त्यातलं ओ की ठो माहीत नसतं तरी.

तेवढ्यात 'आपल्याकडे ज्यूद्वेष नाहीच' असं छाती फुगवून सांगणाऱ्यांनाही जरा थांबवते. बराचसा खरा आहे तो अभिमान, पण पूर्ण नाही. कवी निसीम इझिकेल आपल्याच समाजातले, मुंबईच्या कॅथलिक शाळेत तुम्ही ख्रिस्ताला मारलंत हे त्यांनाही ऐकावं लागलं होतं, त्यांनी कवितेत लिहून ठेवलंय. आणि हिटलरचं काय? कडक मास्तर असला की 'हिटलर आहे' म्हणतो आपण, फूटपाथवर त्याचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, २००६ला खारघरला एका रेस्टॉरंटला चक्क त्याचं नाव दिलं होतं, आरडाओरडा झाल्यावर बदललं. तो द्वेष नव्हता, ते अज्ञान होतं, मान्य. पण ठाण्यात माझ्याच वर्गातला एकजण 'हिटलरसारखा माणूस पाहिजे देशाला' असं माझ्यासमोर म्हणाला होता आणि मी गप्प बसले होते, ते मला चाळीस वर्षांनीही आठवतं. २००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यात नरिमन हाउस ह्या ज्यू केंद्रात जे झालं ते बाहेरून आलेल्यांनी केलं आणि त्या लहानग्या मोशेला उचलून बाहेर आणणारी सँड्रा सॅम्युअल होती, ज्यू नसलेली. पण त्यानंतर आपल्या सिनेगॉगांबाहेर, म्हणजे प्रार्थनाघरांबाहेर, पोलीस उभे राहिले. तुझ्या पिढीला आठवत असेल ते.

असो. चिल्लर.

ह्यावर जरा वेळ काढते कारण तुझ्या मुलाला 'पैसेच का' हे कुणीतरी सांगायला हवंय, आणि शाळा सांगणार नाही. इंग्लंडात मध्ययुगात ज्यूंना जमीन धरण्यावर बंधनं होती, कारागिरांच्या संघांमध्ये शिरकाव नाही, आणि चर्चने ख्रिश्चनांना व्याजाने पैसे द्यायला मनाई केलेली. मग राजाने ज्यूंना त्या धंद्यात ठेवलं, त्यांच्याकडून हवा तसा कर उकळला, आणि लोकांचा सगळा राग त्यांच्या अंगावर. ११९०ला यॉर्कमध्ये जमावाने तिथल्या ज्यूंना किल्ल्याच्या बुरुजात कोंडलं, बहुतेकांनी आत स्वतःला संपवलं, उरलेल्यांना मारलं, आणि मग तोच जमाव कॅथेड्रलमध्ये गेला आणि तिथे ठेवलेले कर्जाचे कागद जाळून टाकले. आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं, १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं काढून जाळली होती की. फरक एवढाच आणि तो फार मोठा, की सुप्याकडे लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता, माणसं मारायला ते निघाले नव्हते. यॉर्कला आधी माणसं आणि मग कागद. १२७५ला कायदा आला की सात वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूने कपड्यांवर पिवळ्या फेल्टचा बिल्ला लावायचा. सात वर्षं! तुझ्या मुलाहून लहान. त्याच कायद्याने व्याजाचा धंदाही बंद केला, म्हणजे आधी दुसरं काही करू द्यायचं नाही आणि मग तेही नाही, आणि १२९०ला सगळ्यांनाच देशाबाहेर काढलं. परत राहू दिलं ते थेट १६५६च्या सुमाराला. मधली साडेतीनशे वर्षं ह्या देशात ज्यू जवळपास नव्हतेच, पण कंजूस ज्यूची गोष्ट मात्र आरामात जिवंत राहिली, नाटकांत, म्हणींत, प्रवचनांत. द्वेषाला समोर माणूस लागत नाही हे मी त्यावरून शिकले.

आणि आता गंमत बघ, ही चिल्लर पडतेय कुणाच्या पायाशी, तर ज्याचे पूर्वज कोकणात बैलाच्या मागे घाण्याभोवती फिरत होते, नंतर इंग्रजांच्या पलटणीत आणि रेल्वेत नोकऱ्या करत होते त्याच्या. सावकारी आपल्यात कुणी केली? आपणच आयुष्यभर सावकाराचं देणं फेडलं.

माझ्याकडे एक मुलगा यायचा (तपशील बदललेत), तोही साधारण एवढाच. त्याच्याही पायाशी नाणी टाकायचे. आठवडाभर तो माझ्यासमोर काही बोलला नाही, नुसता पेन्सिलबॉक्सची चेन पुढेमागे करायचा. मग एके दिवशी त्याने तो बॉक्स टेबलावर उपडा केला. पेन्सिली दोन, आणि बाकी सगळी नाणी, एक पेनी, दोन पेनी, मधेच एखादं पाच. मी विचारलं हे काय. म्हणाला, मिस, उचललं तर हसतात की बघा ज्यू वाकला, नाही उचललं तर अजून टाकतात, म्हणून मी आधी त्याच्यावर पाय ठेवतो आणि सगळे गेल्यावर उचलतो. त्याने हे इतकं सपाट आवाजात सांगितलं की जणू बसचा रूट सांगतोय. आम्ही मोजली, चार पाउंड सदतीस पेन्स. म्हणजे किती वेळा असेल तूच कर हिशोब. तोवर शाळेच्या लेखी हा 'एकदोनदा झालेला प्रकार' होता. ती नाणी आम्ही लिफाफ्यात घातली, वर रक्कम लिहिली आणि त्याने स्वतः हेड ऑफ इयरच्या (त्या इयत्तेच्या प्रमुख शिक्षिकेच्या) टेबलावर ठेवली. त्या बाई बराच वेळ लिफाफ्याकडे बघत बसल्या होत्या, त्या दिवसानंतर गोष्टी हलल्या.

मुलाला नेमकं काय खुपतं ते ह्यात आहे बघ. काहीही केलं तरी हरणारच, असा डाव असतो तो. चिडलास तर 'एवढं काय मनाला लावून घेतोस', हसलास तर अजून करा, सांगितलंस तर चुगलखोर. अशा डावातल्या पोराला आपण 'दुर्लक्ष कर' म्हणतो तेव्हा त्याला ऐकू येतं की हे तुझं तू बघ. तीन महिने तो गप्प का होता? मला तरी वाटतं त्याला तुमची काळजी होती. परदेशात आलेल्या आईबापांची मुलं आईबापांना सांभाळतात, हे मी इतकं बघितलंय की काय सांगू, पप्पांची नाइट ड्युटी, मम्मीचं इंग्रजी, त्यात हे कशाला.

म्हणून त्याच्याशी बोलताना 'आम्हाला आधी का नाही सांगितलंस' हे विचारू नकोस. आणि सगळं एका बैठकीत उकरून काढू नकोस. गाडीत बोल, भांडी पुसताना बोल, समोरासमोर बसवून नको, ह्या वयाच्या मुलांना डोळ्यात डोळे घालून बोलायला जड जातं. एवढंच म्हण की जे झालं ते चेष्टा नाही, त्याला नाव आहे, त्यात तुझी चूक नाही, आणि आता हे मोठ्यांचं काम आहे. आणि मग गप्प बस. खरंच गप्प, आपल्या मराठी आयांना हे जमत नाही, मलाही माझ्या पोरांशी जमत नव्हतं.

रविवारी रात्री पोट दुखतं का, डबा तसाच परत येतो का, फोन आला की स्क्रीन उलटी करतो का, तेवढं बघत राहा. झोप उडाली असेल किंवा 'मी नसतो तर बरं' छापाचं काही बोलला तर थांबू नकोस, त्याच दिवशी जीपीला (फॅमिली डॉक्टरला) गाठ, आणि शाळेलाही कळव.

तो 'स्स्स्स'. हे इकडे फुटबॉलच्या स्टँडमधून आलंय, टॉटनहॅमला ज्यूंचा क्लब समजतात म्हणून विरुद्ध टीमचे काही लोक वर्षानुवर्षं हा आवाज काढत आलेत, आता पोरं फोनवर आणि गेमच्या व्हॉइस चॅटवर ऐकून उचलतात. शाळेत होलोकॉस्ट शिकवणं इंग्लंडच्या अभ्यासक्रमात सक्तीचं आहे आणि असायलाच हवं, पण अनेक ठिकाणी ज्यू माणूस वर्गात पहिल्यांदा येतो तोच मेलेला, उघडा, हाडांचा सापळा. त्याआधी त्याने जगात काही केलं, हसला, लग्नात नाचला, ह्यातलं काही नाही. मग पोरांच्या डोक्यात तेच चित्र राहतं आणि वर्गातल्या एकमेव ज्यूकडे माना वळतात. तुझ्या मुलाच्या त्या टीचरने वाईट हेतूने काही केलं नाही, पण बारा वर्षांच्या पोराला न विचारता समाजाचा राजदूत करू नये हे तिला कुणीतरी सांगायला हवं. तू सांगू शकतेस, गोड शब्दांत. पुढच्या वेळी त्याला आधी विचारा, नाही म्हणाला तर नाही.

आता ज्याबद्दल तू शेवटी एकच ओळ लिहिलीयस, की एकाने त्याला विचारलं 'तू गाझात किती मुलं मारलीस'. हे नाजूक आहे आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर ह्यावर जे काही चालतं ते मी रोज वाचते, त्यामुळे स्पष्टच लिहिते. इस्रायल सरकार जे करतं त्यावर कुणी टीका केली, संतापाने केली, तर तो ज्यूद्वेष नाही. इस्रायलमध्येच लोक रस्त्यावर उतरून करतात. पण इंग्लंडातल्या बारा वर्षांच्या मराठी मुलाला त्याचा जाब विचारणं, केवळ तो ज्यू आहे म्हणून, हा ज्यूद्वेष आहे. दोन्ही वाक्यं त्याला सांग, एक सांगून दुसरं गाळू नकोस. आपल्या बहुतेकांचं कुणी ना कुणी तिकडे आहेच, दिमोनाला, अश्दोदला, लोदला, तेव्हा त्याला आत्याची काळजी वाटणार, आणि टीव्हीवर ढिगाऱ्यातली मुलं बघून त्यांच्याबद्दलही वाईट वाटणार. दोन्ही वाटायची त्याला मुभा आहे हे त्याला घरातून कळायला हवं, नाहीतर तो शाळेत एक लपवतो आणि घरी दुसरं. उत्तर म्हणून त्याला एक छोटं वाक्य दे, "माझी आत्या तिथे राहते, सरकार मी चालवत नाही." एवढं पुरे, वाद घालायला त्याला कुणी नेमलेलं नाही.

आणि ज्या मुलाने ते विचारलं तो मुसलमान आहे हे तू लिहिलंस, बाकीचे चिल्लरवाले गोरे आहेत हेही तूच लिहिलंस. मग घरात फक्त पहिल्याचीच चर्चा का होतेय ते जरा बघ. मुंबईत आपली जुनी मशीद ज्या मोहल्ल्यात आहे तिथे आजूबाजूला कोण राहतं? भायखळ्याच्या सिनेगॉगची देखभाल वर्षानुवर्षं कुणी केली? मुलाला एक द्वेष सोसायला शिकवताना दुसरा हातात देऊ नये, माझं तरी स्पष्ट मत आहे. कदाचित तो मुलगा घरी रात्रभर बातम्या बघतोय आणि त्याचंही कुणी ऐकत नाहीये. चांगली शाळा असेल तर ती दोघांशी वेगवेगळं बोलेल. एकत्र बसवून 'हात मिळवा' करणार असतील तर आत्ता नको म्हण.

शाळेकडे येते. फोन करू नकोस, मेल कर. मराठी माणूस फोनवर 'नाही नाही, इट्स ओके' म्हणून मोकळा होतो, आपला स्वभावच तो. मेलमध्ये तारीख, जागा, कोण होतं, आणि तोंडून निघालेले नेमके शब्द, घाणेरडे असले तरी जसेच्या तसे. 'वाईट बोलले' असं लिहिलंस की त्यातला दम जातो. फोनवरचं काही असेल तर स्क्रीनशॉट. आणि हे अँटीसेमिटिक आहे, वांशिक प्रकार म्हणून ह्याची नोंद करा, असं स्पष्ट लिही, 'बुलिंग'वर थांबू नकोस. कारण इथल्या २०१०च्या समानता कायद्यात ज्यू हे धर्म म्हणूनही धरले जातात आणि वंश म्हणूनही, शाळेला हे माहीत असतं, फक्त कुणी म्हटल्याशिवाय आठवत नाही. वंश म्हणजे काय ही व्याख्या इथे पक्की झाली ती एका शीख मुलाच्या पगडीमुळे, बर्मिंगहॅमच्या शाळेने पगडी काढल्याशिवाय प्रवेश देत नाही म्हटलं आणि बापाने केस पार हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत नेऊन १९८३ला जिंकली. मला ती गोष्ट पालकांना सांगायला फार आवडते. आपल्यासारख्याच कुणीतरी 'जाऊ दे' म्हटलं नाही.

मेलमध्ये 'त्या मुलाला काढा' हे लिहू नकोस. शिक्षा काय द्यायची ते त्यांच्यावर सोड. तू विचार की तुमचं बुलिंगविरोधी धोरण कुठे आहे, ह्या प्रकाराची नोंद कुठल्या तारखेला झाली, कॉरिडॉरमध्ये मधल्या सुट्टीत कोण उभं असतं, आणि मला कधीपर्यंत कळवाल. तारीख मागितली की तारीख मिळते. नाही मिळाली तर लेखी तक्रार, मग गव्हर्नर्स, म्हणजे शाळेचं संचालक मंडळ, प्रत्येक शाळेची पायरी ठरलेली असते, वेबसाइटवर सापडेल. आणि कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्टला कळव. ज्यू समाजाचीच संस्था आहे, ते लहानमोठं सगळं नोंदवतात आणि शाळेशी कसं बोलायचं त्यात मदतही करतात. २०२२ला त्यांच्याकडे देशभरातून १,६००च्या वर घटना नोंदल्या गेल्या, २०२३ला ४,१००हून जास्त, २०२४ला थोडं उतरून साडेतीन हजारांच्या आसपास. हे आकडे घाबरवायला नाही देत. तुझ्या नवऱ्याला दाखव, तो आकड्यांचा माणूस वाटतो, म्हणजे 'पोरं आहेत' मागे पडेल.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण पुढे येईल म्हणून आत्ताच सांगते. कधीतरी वाटेल की जवळच्या मोठ्या शहरात ज्यू समाज आहे, तिकडे नेऊ त्याला, चार आपल्यासारखी पोरं भेटतील. ने, जरूर ने. पण तयारीने ने. मी नवीन असताना इथल्या एका सिनेगॉगच्या दारात सिक्युरिटीवाल्याने मला अडवलं, मागच्यापुढच्या सगळ्यांना 'शब्बाथ शालोम' आणि मला 'तुम्ही कुणाकडे आलात?' मग पुढचा सण कुठला, कुठली प्रार्थना येते, परीक्षाच. मी सावळी, साडीवर स्वेटर, आडनाव कोकणातलं. ऑक्टोबर २०२५ला मँचेस्टरला योम किप्पुरच्या, आपल्या मोठ्या उपवासाच्या, दिवशी सिनेगॉगवर हल्ला झाला, दोघं गेले, त्यामुळे त्या सिक्युरिटीवाल्याने दार का अडवलं ते मला आज आणखी कळतं. पण तेव्हा रस्त्यात रडले होते. बाहेर ज्यू म्हणून नको आणि आत ज्यू वाटत नाही म्हणून नको. आपल्या लोकांना हेही नवीन नाही, इस्रायलला गेलेल्यांच्या लग्नांवर तिथल्या रॅबिनेटने (धर्मगुरूंच्या मंडळाने) शंका काढली होती, वंशावळी तपासा म्हणून, तेव्हा आपली माणसं तिथे धरणं धरून बसली आणि १९६४ला तो आदेश मागे घ्यायला लावला. आणि आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही, गोरे इस्रायल नि काळे इस्रायल करून आपल्याच लोकांबरोबर जेवायला न बसणारे आपलेच पणजोबा होते. माझ्या आजीला ह्यावर विचारलं की तिला ऐकू यायचं नाही.

हे सगळं मुलाला एकदम सांगू नकोस गं, बारा वर्षांचा आहे. पण ह्यातलं काही त्याला कळायला हवं, कारण सध्या त्याच्या डोक्यात ज्यू असणं म्हणजे फक्त चिल्लर आणि तो आवाज एवढंच भरलंय. त्याला नवगाव सांग. खंडाळ्याचा तो खडक सांग, एलियाहू हन्नबी ह्या प्रेषिताच्या रथाच्या चाकांच्या खुणावाला, आपल्या अलिबागच्या खंडाळ्यातला, घाटातला नाही. आजीला व्हिडिओ कॉल लावून मलिदा करायला लावा त्याच्याकडून, पोहे तो भिजवेल, नारळ तो खवेल. घरी येणारा एखादा मित्र असेल तर त्यालाही वाटीभर दे, समजावून वगैरे सांगत बसू नकोस, खाऊ दे नुसतं.

चेनबद्दल तू दोनदा लिहिलंस, म्हणजे तुला ते सगळ्यात लागलंय. तो घालत नाही म्हणून रडू नकोस त्याच्यासमोर, आणि 'घाल, घाबरतोस काय' हे तर अजिबात नको. चेन घालणं हे काही धाडसाचं पदक नाही. माझ्या त्या पेन्सिलबॉक्सवाल्याने त्याची किप्पा वर्षभर ब्लेझरच्या आतल्या खिशात ठेवली होती, मधूनमधून वरून हात लावून बघायचा आहे ना म्हणून. मला विचारलं की हा भित्रेपणा आहे का मिस. मी म्हटलं तुझा खिसा, तुझी टोपी, कधी बाहेर काढायची ते तू ठरव. अजूनही माझ्या मते तेच बरोबर उत्तर आहे. ड्रॉवर कुठला ते त्याला माहितेय.

मेलचा ड्राफ्ट लिहून झाला की पाठव मला, बघून देते. नवऱ्यालाही त्यावर सही करू दे, दोघांची नावं खाली असली की शाळा वेगळं वाचते. शुक्रवारी संध्याकाळनंतर पाठवलास तर उत्तर शनिवारी रात्रीच येईल, घाणा बंद असतो.